उजाडायच्या आधीचं मटण

गटारीची रजा कुठल्याही कंपनीत मिळत नाही. गणपतीची मिळते, दिवाळीची मिळते, पोराला ताप आला तर तोंड वाकडं करून का होईना, अर्ध्या दिवसाची मिळते. पण मॅनेजरसमोर उभं राहून, "सर, उद्यापासून श्रावण आहे, आज मला घरी बसून मटण शिजवायचंय," असं म्हणायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही. बाकी सगळं नाटक माझ्याकडे आहे, एवढं मात्र नाही. त्यामुळे लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आमची गटारी मी कुकरमध्ये उरकत आले. भिवंडीजवळच्या मानकोलीच्या गोडाऊनमधून सुटायचं, खड्डे चुकवणाऱ्या रिक्षात देवाचं नाव घेत बसायचं, घरी येऊन पर्स खुंटीला आणि कुकर गॅसवर. शिट्ट्या मोजायच्या, झाकण पडलं की वाढायचं.

त्या वर्षी मात्र रजा आपणहून चालत आली. आमच्या गोडाऊनमध्ये नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. सकाळी ते सुरू केलं आणि कॉम्प्युटरमधून सगळा माल नाहीसा झाला. माल जागेवर होता. मिक्सर होते, चादरी होत्या, लहान मुलांच्या सायकली होत्या, मी स्वतः हात लावून पाहिलं. पण स्क्रीन म्हणत होती की गोडाऊन रिकामं आहे, आणि आमच्याकडे स्क्रीनचं ऐकायचं असतं. मॅनेजर कपाळाला हात लावून बसला. शेवटी त्याने सांगितलं की सिस्टीम उभी राहीपर्यंत सगळ्यांनी घरी जा, मेसेज आला की या.

माझ्याबरोबर स्कॅनिंगला बसणारी माझी मैत्रीण आमच्याच भागात राहते. तिच्या सासरी कापडाचे लूम आहेत, माहेरी लूम आहेत, आणि ती स्वतः लूमचा आवाज नको म्हणून गोडाऊनमध्ये कामाला आली. रिक्षात ती म्हणाली, "अब दिनभर क्या करेगी?"

"आज गटारी आहे," मी म्हटलं. "आज मी मटण शिजताना बघणार आहे."

"बघणार मतलब?"

"म्हणजे बघणार. इतकी वर्षं नुसती शिट्टी ऐकली. आत काय होतं ते कधी पाहिलंच नाही."

ती हसली. पण मी म्हटलं त्यात एक दुसरं कारण होतं आणि तिला ते माहीत होतं. माझे सासरे.

माझ्या सासऱ्यांचे शेवटचे दात उन्हाळ्यात काढले. कवळी केली, ती टोचते म्हणून त्यांनी ती स्टीलच्या डबीत घालून देवघराच्या खालच्या फळीवर ठेवून दिली, जणू काही तिची प्राणप्रतिष्ठा व्हायची आहे. डॉक्टरकडे पुन्हा चला म्हटलं की म्हणायचे, "दुसऱ्याचे दात ते. आपल्या तोंडात पावन्यासारखे बसतात." मग पेज, मऊ भात, आमटीचं पाणी. हळदीच्या मांडवात एकेकाळी ज्याच्या पानाकडे बघून आचारी मटणाचा टोप झाकून ठेवायचा, तो माणूस वाटी घेऊन आपल्या खोलीत बसायला लागला. हिरड्यांनी चघळताना कुणी पाहू नये म्हणून दार लोटून घ्यायचा. सदऱ्याची गळपट्टी सैल पडली. डॉक्टर म्हणाले, असं चालू राहिलं तर सलाइन लावायला आणावं लागेल. आणि आता श्रावण येत होता. आमच्या घरी श्रावण लागला की गणपती जाईपर्यंत मांसमच्छी बंद, आणि सासरे तो नियम इतका कडक पाळतात की त्या दिवसांत मासळी बाजाराच्या रस्त्यानेही जात नाहीत. म्हणजे आज त्यांनी खाल्लं तर खाल्लं. नाहीतर थेट विसर्जनानंतर, आणि तोवर अंगावर काय उरेल ते मला दिसत होतं.

त्यामुळे माझा प्रश्न अगदी साधा होता. दात नसलेल्या माणसाला खाता येईल इतकं मटण मऊ होतं का? आणि होत असेल तर ते नेमकं कधी होतं?

गटारीच्या दिवशी मटणाच्या दुकानासमोरची रांग पाहिली की वाटतं, गावात काहीतरी फुकट वाटतायत. प्रत्येकाला मांडी हवी, चाप हवी, कलेजी जास्त हवी. माझा नंबर आला तेव्हा मी म्हटलं, "भाईजान, ज्याला शिजायला सगळ्यात जास्त वेळ लागतो ते द्या."

त्याने सुरा खाली ठेवला. "मॅडम, आज लोग बोलते हैं, जल्दी गलनेवाला दो."

"मला उशीरच हवाय."

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "द्या हो त्यांना, त्यांच्याकडे वेळ आहे." ते मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. मग त्याने गुडघ्याखालच्या पोटऱ्या काढल्या, आत नळी, बाहेर पांढऱ्या शिरा, चिवट पडदे, कुणी ढुंकून बघत नाही असं सगळं. पिशवी हातात देताना म्हणाला, "रात तक देखना."

मी ते मनावर घेतलं नाही. चूक झाली ती तिथे.

घरी आले तर सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. "काय गो, आज ड्युटी न्हाय?"

"माल हरवला."

"चोरी झाली?"

"न्हाय आई. माल हाय, पण कॉम्प्युटरला दिसत न्हाय."

"तुझ्या सासऱ्याचं चष्म्याचं तसंच व्हतं," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पिशवीत डोकावून मात्र कपाळावर आठ्या आल्या. "ह्या पोटऱ्या कोनी दिल्या तुला? फसवला."

मी मागच्या पडवीतली चूल पेटवली. पत्र्याखाली असलेली ही चूल आंघोळीच्या पाण्यापुरती उरलेली. माळ्यावरून हळदीच्या जेवणाचा पितळेचा जाड टोप उतरवला. कांदा तेलात लाल केला, आलं-लसूण, भाजलेलं खोबरं, घरचा मसाला, त्यात पोटऱ्या, आणि पाणी अगदी थोडं. मैत्रिणीला फोन लावला, कारण तिच्या घरी पाया आणि मंद आचेवरची निहारी म्हणजे रोजचा विषय.

"ढक्कन को आटे से बंद कर," ती म्हणाली. "भाप बाहर नहीं जानी चाहिए. और सुन, बीच में खोलना मत."

आता आमच्या घरात गटारीला भाकरी. गव्हाचं पीठ संपलेलं आणि मी आणलंही नव्हतं. तांदळाचं पीठ मात्र डबा भरून. पीठ ते पीठ, मी विचार केला. उकड काढली, मळली, टोपाच्या कडेला छान गोल वळी लावली, वर परात दाबली, परातीत निखारे ठेवले. इतकं देखणं दिसत होतं की मी दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले.

थोड्या वेळाने वळी वाळली. मग तडकली. मग एकेक तुकडा खाली पडायला लागला, जसा जुन्या भिंतीचा गिलावा पडतो, आणि सगळ्या फटींतून वाफ सुसाट बाहेर. वास मात्र असा सुटला की शेजारची मांजर कुंपणावर येऊन बसली आणि तिथून हललीच नाही.

आता वाफ जातेच आहे, तर मग झाकण उचलून पाहायला काय हरकत आहे? असा मी स्वतःशी युक्तिवाद केला आणि जिंकले.

आणि काय सांगू, पाहण्यासारखंच होतं. आधी मटणाने पाणी सोडलं, तांबडं जाऊन राखाडी पडलं. मग ते आक्रसलं. तुकडे अंग चोरून हाडाला बिलगून बसले. मला वाटत होतं की शिजायला लागलं की दर घटकेला थोडं थोडं मऊ होत जाईल. तसं नाहीच. पळीने एक तुकडा दाबला तर तो मघापेक्षा घट्ट. आणखी काही वेळाने पाहिलं तर आणखी घट्ट, चपलेच्या पट्ट्यासारखा. मटण शिजताना आधी रुसतं, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत ठाऊक नव्हतं. कुकरमध्येही ते रुसत असणार, पण तिथे त्याचं तोंड बंद असतं.

मी पुन्हा झाकलं. पुन्हा उघडलं. दरवेळी परातीतले निखारे बाजूला काढा, परात उचला, वाफेत तोंड भाजून घ्या, दाबून बघा, झाका. पांढऱ्या शिरा आता काचेसारख्या दिसायला लागल्या होत्या. का? कुठे चालल्या त्या? हे बघायलाच पाहिजे म्हणून पुन्हा उघडलं.

सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. "सारखं झाकान काढून बघतंस, आत सिनेमा हाय काय?"

"हाय. येता का बघायला?"

"माझा मध्यंतर झालेला हाय कवाच." पण गेल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो जेवील काय गो?"

पहिल्यांदाच त्या सासऱ्यांबद्दल असं विचारत होत्या, नाहीतर त्यांच्या तोंडी नवऱ्याची फक्त तक्रार असते. मी म्हटलं, "जेवतील." आणि पुन्हा झाकण उचललं.

संध्याकाळी पाऊस रिपरिपायला लागला. माझे यजमान मित्रांबरोबर वज्रेश्वरीच्या बाजूला कुणाच्या तरी शेतघरावर गटारी करायला गेले होते. तिथे मटणापेक्षा माणसंच जास्त शिजतात, त्यामुळे त्यांची वाट बघायची नव्हती. मी पाट मांडले. भाकऱ्या केल्या. आणि सासरे खोलीतून बाहेर आले. धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा ते आमच्याबरोबर पानावर बसले. भाकरीही त्यांनी कुस्करली नाही, नीट घडी घालून ठेवली, जुन्या सवयीने.

सासूबाईंनी स्वतः वाढलं. नळीचा मोठा तुकडा निवडून.

त्यांनी तुकडा तोंडात घातला. मी खाली बघितलं, सासूबाईंनी खाली बघितलं, दोघी आपापल्या भाकरीत जणू काही शोधत होतो. त्यांनी तो या गालातून त्या गालात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग हातावर काढला आणि पानाच्या कडेला ठेवला, अगदी हळू, कुणाला लागू नये म्हणून.

"रस्सा बरा हाय," ते म्हणाले. रश्शात भाकरी भिजवून दोन घास खाल्ले आणि उठले. खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

मी तो तुकडा उचलून चावून पाहिला. माझ्या दातांना तो चांगला होता. इतका राग मला आमच्या सॉफ्टवेअरचाही आला नव्हता.

मैत्रिणीला फोन केला. तिने पहिलं विचारलं, "कितनी बार खोला?"

मी बोटांवर मोजायला लागले.

"और आटा?"

"तांदळाचं."

 ती मोठ्याने हसली. हसतच राहिली. "चावल के आटे में लस कहाँ होता है रे. तू भाकरी से ढक्कन बंद कर रही थी?" मग म्हणाली, "रुक. आते."

ती नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून आली, डोक्यावर प्लास्टिक, मांडीवर डबा, डब्यात गव्हाची मळलेली कणीक. चपला पडवीत काढल्या, टोपात डोकावली, पळीने तुकडा हलवला. "अभी आधे रस्ते में है. सुबह तक हो जाएगा. निहारी तो सुबह ही खाते हैं ना, फज्र की नमाज के बाद."

"सुबह श्रावण है," मी म्हटलं.

तिने पळी खाली ठेवली. श्रावण म्हणजे काय हे भिवंडीत कुणालाच सांगावं लागत नाही. त्यात आणखी एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. गटारीच्या दिवशीच मटणाचा टोप घासून, राख लावून, माळ्यावर पालथा पडला पाहिजे. चूल सारवली पाहिजे. हा सासूबाईंचा नियम. त्यांच्या सासूचाही तोच होता. एकदा यजमानांनी उरलेलं सुकं मटण फ्रिजमध्ये ठेवलं तर सासूबाईंनी फ्रिजच धुऊन काढला होता, आतले कप्पे अंगणात आणून.

मी टोप उचलायला हात घातला. सासूबाई म्हणाल्या, "ठेव."

"आई, उद्या..."

"उद्या कवा लागतो?"

"रात्री बारा वाजता."

"बारा वाजता तुझ्या कंपनीची तारीख बदलते. आपला दिस उजाडल्याव बदलतो." त्या माझ्या मैत्रिणीकडे वळल्या. "लाव गो तुझा आटा."

मैत्रिणीने कणकेची जाड वळी लावली, परात बसवली, बोटांनी दाबून दाबून सगळी कड बंद केली. मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाली, "चाची, इसको इधर आने मत दो. हात लगाया तो बोलो मेरे को." सासूबाईंनी मान डोलावली. एकमेकींची भाषा अर्धी येणाऱ्या या दोन बायका माझ्याविरुद्ध मात्र एका मिनिटात एक झाल्या.

ती गेल्यावर सासूबाईंनी डासांना धूर करायला ठेवलेलं भाताच्या तुसाचं पोतं आणलं. निखारे खाली पसरले, त्यावर तूस टाकलं, तुसावर राख. जाळ दिसेना, धूरही नाही, फक्त जवळ हात नेला की ऊब लागायची. "लगीन घरात असंच ठेवायचे," म्हणाल्या. "आता झोप. हितं दिसलीस तं बघ."

मी झोपले. झोपेतसुद्धा मला झाकण उचलायचं होतं.

जाग आली ती वासाने. कालचा वास नव्हता तो. कालच्या वासात मसाला होता, याच्यात मसाला कुठे होता तेच कळेना, सगळं मिळून एकच काहीतरी झालं होतं. बाहेर अजून काळोख होता. लांबून अजान आली. पडवीत सासूबाई पदर खोचून उभ्या. "ऊठ गो. उजाडाच्या आधी व्हायला पायजे."

कणकेची वळी भाजून बिस्किटासारखी झाली होती. उलथन्याने फोडली, परात उचलली. वाफ वर आली आणि निवळली. मी पळी घालून नळी उचलायला गेले तर पळीवर नुसतं हाड आलं. स्वच्छ, पांढरं, धुतल्यासारखं. मटण खाली रश्शात राहिलं. कालच्या त्या काचेसारख्या शिरा कुठेच नव्हत्या, त्या रश्शात उतरल्या होत्या. बोटांना रस्सा लागला तर बोटं एकमेकांना चिकटली. म्हणजे हे होतं तर. कुकरमध्ये मी इतकी वर्षं काय शिजवत होते कोण जाणे.

सासूबाई खोलीच्या दारापाशी गेल्या. "उठा."

आतून आवाज आला, "श्रावण लागला."

"अजून न्हाय लागला. उठा म्हंते ना."

ते आले. चुरगळलेल्या सदऱ्यात, चष्मा नाही, तोंडावर झोप. पाट मांडायला वेळ नव्हता, ते पडवीतच चुलीशेजारी लाकडाच्या ओंडक्यावर बसले. मी वाटीत वाढलं. चमचा द्यायला गेले तर त्यांनी तो बाजूला सारला. बोटाने एक तुकडा उचलला, तो बोटातच दोन झाला. तोंडात घातला.

या वेळी आम्ही दोघींनीही खाली पाहिलं नाही. सरळ बघत होतो, नाटकाच्या पहिल्या रांगेत बसल्यासारख्या.

त्यांचे गाल हलले. एकदा, दोनदा. मग हलायचे थांबले, कारण हलवायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी गिळलं. डोळे मिटून घेतले. मग वाटी पुढे केली.

दुसऱ्या वाटीला सासूबाई पत्र्याखालून बाहेर जाऊन पूर्वेकडे बघून आल्या. आषाढातलं आभाळ ते, सगळं राखी, कुठे काही दिसत नव्हतं. कोंबडा आरवून झाला होता. शेजारच्या लूमच्या कारखान्यात सकाळची शिफ्ट सुरू झाल्याचा खडखडाट आला.

"बस करा," सासूबाई म्हणाल्या. "सूर्य उगवला असंल."

"कुठं हाय?"

"ढगाच्या मागं."

"मना दिसत न्हाय." त्यांनी नळी उचलली, तोंडाला लावली आणि आतला मगज ओढला. त्या आवाजाने मांजर कुंपणावरून उठून जवळ आली.

"चष्मा न्हाय तुमच्या डोल्याव, म्हणून दिसत न्हाय."

"मग चष्मा आन."

चष्मा आणायला कुणीच हललं नाही. सासूबाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या, पदर खोचलेला, हातात राखेचा वाडगा, टोप घासायला तयार. पण त्या टोपाला हात लावत नव्हत्या. त्यांनी तिसऱ्यांदा वाढायला मला डोळ्यांनी खुणावलं आणि स्वतः पाठ फिरवून पुन्हा आभाळाकडे बघायला लागल्या, नेमकं पश्चिमेकडे.

मी वाढलं. या वेळी ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू खाल्लंस काय?"

"न्हाय बाबा."

"मग बस. कवा खानार, गणपती गेल्याव?"

मी चुलीशेजारी बसले. त्यांनी आपल्या वाटीतला मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. तो जिभेवर ठेवला आणि दात वापरायचे नाहीत असं ठरवलं, कारण मला बघायचं होतं. टाळूला लावून दाबला. तो गेला. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या बिनदाताच्या तोंडावर असं हसू होतं की जणू हा शोध त्यांनीच लावला होता.

पत्र्यावरून थोडा उजेड आला. पहिल्यांदा टोपाच्या कडेवर, मग सासूबाईंच्या हातातल्या वाडग्यावर. त्यांनी मागे वळून पाहिलं. सासऱ्यांनी वाटी पालथी केली, हात धुतले, चूळ भरली, उभे राहिले आणि देवघराकडे निघाले. जाताजाता खालच्या फळीवरची कवळीची डबी उचलून कानाशी हलवली.

"ह्या वेळी गणपती झाला की डॉक्टरकडं जाऊ," ते म्हणाले. "दात टोचतात कुठं ते दाखवू."

सासूबाईंनी रिकाम्या टोपात राख टाकली आणि माझा फोन वाजला. गोडाऊनचा मेसेज होता. माल सापडला होता, जिथे होता तिथेच.